दात काढायला किती वेळ लागतो? बारामती-इंदापूरच्या निमित्ताने दंतोपचाराच्या वेळेचा इतिहास

१/
इतिहासप्रेमींना इंदापूर आठवते ते मालोजीराजे भोसल्यांच्या गढीमुळे, किंवा १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी या तालुक्यातून सुरू केलेल्या जमीन पाहणीमुळे. बारामती आठवते ती कवी मोरोपंतांमुळे. या दोन तालुक्यांच्या इतिहासात सहसा कोणी न शोधलेला एक विषय म्हणजे दुखरा दात आणि त्याच्या उपचाराला लागणारा वेळ.

२/
दात काढायला किती वेळ लागतो? भरायला किती? कवळीला किती? प्रश्न दवाखान्यातला वाटतो, पण या मिनिटांनाही इतिहास आहे. गेल्या दोनशे वर्षांत उपचाराचे एकेक काम झपाट्याने जलद झाले. त्याच काळात दात वाचवण्यासाठी दवाखान्यात माराव्या लागणाऱ्या फेऱ्या मात्र वाढल्या. ज्याला फेऱ्या जमतात त्याचा दात राहतो आणि ज्याला जमत नाहीत त्याचा जातो. हा थ्रेड त्या फरकाविषयी आहे.

३/
सुरुवात फार जुनी आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सुमारे ९००० ते ७५०० वर्षांपूर्वीच्या नऊ प्रौढ व्यक्तींच्या अकरा दाढांना मुद्दाम पाडलेली छिद्रे आढळली. हे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. संशोधकांनी गारगोटीचे टोक बसवलेला धनुष्यासारखा सामता तयार करून प्रयोग केला, तेव्हा दाताच्या कठीण आवरणात तसे छिद्र एका मिनिटाच्या आत पडले. इतक्या जुन्या दंतोपचाराचा वेळ अशा रीतीने आपल्याला ठाऊक आहे.

४/
पुणे जिल्ह्यातील जुना पुरावा इनामगावचा. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे केले. ही घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमा इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. म्हणजे हे खोरे एकच. तेथे सापडलेल्या सांगाड्यांच्या दातांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. शेती करणाऱ्या त्या माणसांच्या दातांवर झीज आणि कीड, दोन्हींच्या खुणा आहेत.

५/
आता थेट अठराव्या शतकात येऊ. मोरोपंत (१७२९-१७९४) बारामतीत काव्यरचना करीत होते तेव्हा दिवस प्रहर आणि घटिकांत मोजला जाई. तळाशी छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर ठेवले की ते चोवीस मिनिटांत बुडे. ती एक घटिका. घटिकेची साठ पळे, म्हणजे एक पळ चोवीस सेकंदांचे. हलणारा दात उपटण्याचे काम त्या हिशेबाने काही पळांचे होते.

६/
हे काम करणारे लोक फिरते होते. गावोगाव तुंबडी लावत आणि जडीबुटी विकत हिंडणारे वैदू, शहरांतले जर्राह, किंवा गावातच हाताला सफाई असलेला एखादा माणूस. त्यांच्याकडे जाण्यासाठी वेळ ठरवावी लागत नसे. बाजाराच्या किंवा जत्रेच्या दिवशी ते भेटत. मात्र पुढचा बाजार येईपर्यंत ठणका सोसावा लागे. तोवर आधार होता लवंगेचा.

७/
या लवंगेची गंमत पाहा. लवंगेच्या तेलातील युजेनॉल हा घटक वेदना बधिर करतो. जस्ताच्या भस्मात ते मिसळून केलेले तात्पुरते सिमेंट आजही दातांच्या दवाखान्यांत वापरले जाते. दंतवैद्याच्या दारातून आत जाताच येणारा तो ओळखीचा वास प्रामुख्याने याचाच. आजीच्या बटव्यातले औषध आधुनिक दंतोपचाराने टाकून दिले नाही, आपल्या कपाटात नेऊन ठेवले.

८/
दातात किडा असतो, ही समजूतही जुनी आणि जगभरची. प्राचीन बाबिलोनच्या मृत्तिका-फलकांवर दातातल्या किड्याविरुद्धचा मंत्र आहे. महाराष्ट्रात दातातला किडा काढून दाखवणारे लोक अगदी अलीकडेपर्यंत होते. फ्रान्समध्ये पिएर फोशार याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात ही कल्पना नाकारली. पुढे १८९० मध्ये विलोबी मिलर याने खरे कारण मांडले : तोंडातील जंतू गोड व पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो. मराठीत मात्र ‘दात किडला’ हा शब्दप्रयोग टिकून राहिला.

९/
आपल्या वैद्यकाने दात काढण्याविषयी फार सावधगिरी सांगितली होती. सुश्रुतसंहितेत दातांवरील कीट खरवडण्यासाठी दंतशंकू नावाचे शस्त्र येते. वरच्या जबड्यातला दात हलत असला तरी तो उपटू नये, कारण अतिरक्तस्रावाने पुढचे विकार होतात, असा इशाराही तेथे आहे. दात काढणे म्हणजे नुसता हिसका नव्हे, हे या ग्रंथकारांना पुरते ठाऊक होते.

१०/
तरीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर चांगला दात काढणारा तोच, जो झटकन काढतो. बधिरीकरण नव्हते, त्यामुळे घाई ही दया होती. कोरून, साफ करून दात भरण्याची विद्या अवगत होती, पण शुद्धीवर असलेला माणूस ती वेदना तासभर कशी सोसणार? दात उपटण्याची वेदना क्षणाची आणि वाचवण्याची वेदना तासाची, असा तो हिशेब होता.

११/
हा हिशेब बदलण्यात दंतवैद्यांचाच पुढाकार होता. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्डचा दंतवैद्य होरेस वेल्स याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक दिले. काही महिन्यांतच, १८४७ मध्ये, कलकत्त्यात ईथरचा वापर झाला.

१२/
पण दातांसाठी संपूर्ण माणसाला बेशुद्ध करणे धोक्याचे होते. १८८४ मध्ये कार्ल कोलर याने कोकेनचा स्थानिक बधिरीकरणासाठी उपयोग दाखवला आणि लगेच विल्यम हॉल्स्टेड याने जबड्याची नस बधिर करण्याची पद्धत शोधली. कोकेनचे व्यसन लागे. १९०५ च्या सुमारास नोव्होकेन आले आणि १९४८ मध्ये लिग्नोकेन बाजारात आले. आज हिरडीत दिले जाणारे इंजेक्शन बहुधा याचेच असते.

१३/
येथे एक विलक्षण गोष्ट घडली. वेदना थांबल्यामुळे उपचार लांबले. रुग्ण तासभर शांत बसू शकतो म्हटल्यावर वैद्यालाही घाई उरली नाही. कीड कोरणे, मुळापर्यंतची नस साफ करणे, दाताला टोपी बसवणे ही कामे सर्वसामान्य रुग्णावर करणे शक्य झाले. दात वाचवण्याची विद्या रुजली ती या मिळालेल्या वेळेच्या जोरावर.

१४/
त्याच वेळी यंत्रांनी एकेक पायरी आखडती केली. १८७१ मध्ये जेम्स मॉरिसन याने शिलाई यंत्रासारखे पायाने चालणारे कोरणी यंत्र आणले. ते मिनिटाला सुमारे २००० फेरे घेई. १९५७ मध्ये जॉन बोर्डन याने हवेच्या दाबावर चालणारा एअररोटर आणला, त्याचे फेरे मिनिटाला सुमारे ३ लाख. कोरण्याचे काम अनेक पटींनी जलद झाले. भरण्याचेही झाले : चांदीचे मिश्रण पूर्ण कठीण व्हायला दिवसभर लागतो, तर दातांच्या रंगाचे कंपोझिट निळ्या प्रकाशाखाली थरागणिक साधारण वीस सेकंदांत घट्ट होते.

१५/
क्ष-किरणांची कथा तर थक्क करणारी आहे. राँटजेनने १८९५ च्या अखेरीस आपला शोध जाहीर केला आणि जानेवारी १८९६ मध्ये जर्मन दंतवैद्य ऑटो वाल्कहोफ याने स्वतःच्या दातांचे छायाचित्र घेतले. त्यासाठी त्याला २५ मिनिटे हालचाल न करता राहावे लागले. आज त्याच कामाला सेकंदाचा अंश पुरतो. त्या काळी अशा किरणांचे धोके कोणाच्या ध्यानातही नव्हते.

१६/
आता बारामती-इंदापूरकडे परतू. हा मूळचा अवर्षणप्रवण मुलूख. ज्वारी-बाजरीची भाकरी, कालवण आणि सणावारी गूळ असा आहार. १८७५ चे सावकारविरोधी दंगे ज्या सुप्यातून पेटले ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. पाठोपाठ १८७६-७८ चा दुष्काळ आला. १८८५ मध्ये नीरा डाव्या कालव्याचे पाणी खेळू लागले आणि या पट्ट्याचे पीक बदलले. ऊस आला.

१७/
उसामागून साखर आली. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंब येथे वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना उभा राहिला आणि त्या वसाहतीला वालचंदनगर नाव मिळाले. १९५० आणि १९६० च्या दशकांत माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने निघाले. पुढे उजनी धरणाने इंदापूरच्या भीमाकाठालाही ऊस दिला. जी चैन होती ती साखर रोजच्या चहात विरघळू लागली.

१८/
दाताच्या दृष्टीने साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचे असते. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टेफन याने मोजून दाखवले की गोड पदार्थ तोंडात जाताच काही मिनिटांत दातांवरील थर आम्लधर्मी होतो आणि पूर्ववत व्हायला साधारण अर्धा ते एक तास घेतो. दिवसातून सहा वेळा गोड चहा म्हणजे सहा वेळा हे चक्र. उपचाराप्रमाणे किडीलाही तिचे घड्याळ असते.

१९/
‘अपॉइंटमेंट’ या कल्पनेलाही घड्याळ लागते. दौंड-बारामती ही अरुंद मापाची रेल्वे १९१४ मध्ये सुरू झाली आणि तिच्याबरोबर वेळापत्रक आले. कारखान्याच्या भोंग्याने दिवसाच्या पाळ्या पाडल्या. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली एस. टी. पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पुढे तालुक्याच्या गावी जायची वेळ एस. टी.ने ठरू लागली आणि परतायची वेळ शेवटच्या एस. टी.ने.

२०/
योगायोग असा की दंतवैद्यकाला भारतभर कायद्याची चौकट मिळाली तीही १९४८ मध्ये. तत्पूर्वी १९२० मध्ये डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले होते आणि १९३३ मध्ये मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय सुरू झाले होते. दंतवैद्य कायद्याने नोंदणी सक्तीची केली. पदवी नसलेल्या, पण किमान पाच वर्षे याच धंद्यावर पोट भरणाऱ्यांसाठी नोंदवहीत वेगळा ‘ब’ भाग ठेवला. ओट्यावर बसून दात काढणाऱ्या आणि कवळ्या बसवणाऱ्या जुन्या कारागिरांची पिढी अशा रीतीने कायद्याच्या वहीत आली.

२१/
आजचे वेळेचे गणित साधारणपणे असे. तपासणी आणि क्ष-किरण : १५ ते ३० मिनिटे. दातांची सफाई : ३० ते ६० मिनिटे. एक दात भरणे : २० ते ६० मिनिटे. साधा दात काढणे : २० ते ४० मिनिटे, यातील बराच वेळ बधिरपणा येण्याची वाट पाहण्यात आणि नंतरच्या सूचनांत जातो, प्रत्यक्ष दात निघायला थोडी मिनिटेच लागतात. हाडात अडकलेली अक्कलदाढ : ४५ ते ९० मिनिटे. ही सर्व कामे बहुधा एका फेरीत उरकतात.

२२/
दात वाचवणारे किंवा त्याची जागा भरणारे उपचार निराळे. रूट कॅनॉल : प्रत्येक वेळी तास-दीड तास, एक ते तीन फेऱ्या. त्यावरची टोपी : दोन फेऱ्या, मध्ये आठवडा-दोन आठवडे, कारण माप प्रयोगशाळेत जाते आणि ती बहुधा मोठ्या शहरात असते. पूर्ण कवळी : चार ते सहा फेऱ्या. इम्प्लांट : शस्त्रक्रिया तास-दोन तासांची, पण हाडाने स्क्रू धरून ठेवायला तीन ते सहा महिने. दात सरळ करण्याच्या तारा : दीड-दोन वर्षे, महिन्या-दीड महिन्याला एक फेरी.

२३/
दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. दात काढणे ही एका दिवसाची गोष्ट आहे, वाचवणे ही तीन-चार दिवसांची. बारामती शहरात राहणाऱ्याला रूट कॅनॉलची फेरी म्हणजे संध्याकाळचा दीड तास. वाडीवस्तीवरून येणाऱ्याला तीच फेरी म्हणजे वाहनाची वाट, प्रवास, रांग, परतीची घाई आणि बुडालेला रोज. खुर्चीवरची ९० मिनिटे दोघांना सारखीच असतात, पण दिवस एकाचाच जातो.

२४/
हा हिशेब सर्वांत कठोर होतो तो ऊसतोडीत. गळीत हंगाम लागला की बीड, अहिल्यानगर आणि इतर दुष्काळी भागांतून मजूर जोडपी साखरपट्ट्यात उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून आधी घेतलेली ‘उचल’ फेडायची असते. एक दिवस काम चुकले तर तो ‘खाडा’, आणि खाड्याची रक्कम कापली जाते. राहायला फडाजवळची कोपी. तोड पुढच्या गावाला सरकली की कोपीही सरकते. पुढच्या आठवड्याची तारीख अशा माणसाला देणार कशी?

२५/
यात स्त्रियांची ओढाताण अधिक. ग्रामीण महाराष्ट्रात तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांना लावण्याची सवय बायकांमध्ये मोठ्या प्रमाणावर आहे. दाताचा ठणका तिने थोडा वेळ दबतो म्हणून ती लावली जाते आणि व्यसन जडते. तंबाखूने हिरड्यांचे विकार आणि मुखकर्करोगाचा धोका वाढतो. फेरीसाठी नसलेल्या वेळेची भरपाई अशी भलत्याच मार्गाने होते.

२६/
खाड्याच्या भीतीने शरीराचा निर्णय होतो, याचे गंभीर उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. ऊसतोड करणाऱ्या अनेक स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये पुढे आले आणि चौकशीसाठी राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दात आणि गर्भाशय यांची तुलना होऊ शकत नाही. पण मागचा तर्क एकाच जातीचा आहे : उपचाराला लागणारे दिवस हाती नसले की अवयव काढून टाकणे हाच ‘सोपा’ मार्ग वाटू लागतो.

२७/
म्हणून दंतवैद्याकडे दाढ काढूनच टाका असा हट्ट धरणाऱ्या मजुराला अडाणी ठरवणे चुकीचे आहे. त्याने त्याच्या परिस्थितीचा हिशेब बिनचूक केलेला असतो. वेदनेला घाबरून लोक दात उपटून घेत, तो काळ लिग्नोकेनने संपवला. वेळेअभावी उपटून घेण्याचा काळ अजून संपलेला नाही, आणि त्यावर इंजेक्शन निघालेले नाही.

२८/
उपाय अज्ञात नाहीत. निकेल-टायटॅनियमच्या यंत्रचलित सुयांमुळे अनेक रूट कॅनॉल एका बैठकीत होऊ शकतात. फिरती दंतचिकित्सा वाहने फडापर्यंत जाऊ शकतात. १९१४ मध्ये जिथे रेल्वे पोहोचली त्या बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण हंगामात पगारी सुट्टीचा एक दिवस मिळाला, तर या सर्वांइतकाच उपयोग त्याचा होईल.

२९/
इनामगावच्या सांगाड्यांच्या दातांवरून अभ्यासकांनी तीन हजार वर्षांपूर्वीचा आहार ओळखला. दात निघाल्यानंतर जबड्याचे हाड हळूहळू भरून येते आणि ती खूण कायम राहते. भीमा-नीरेच्या खोऱ्यातील आजच्या जबड्यांवर उद्याच्या अभ्यासकांना साखरेची खूण सापडेल. त्याबरोबरच वाचू शकले असते असे किती दात केवळ एका दिवसाच्या मजुरीपायी गेले, हेही त्या भरून आलेल्या जागांत नोंदलेले असेल.

(समाप्त)